दुसरी बंदूक

दि. ११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. सुखरूप पोचलो एवढं सांगायला तुला चार पानं लागली, तेव्हा तब्येत ठीक आहे असं धरून चालते. फोन करत जाऊ नकोस. छिन्नीच्या आवाजाने माझे कान गेलेत. तू बोलतोस आणि मी नुसती हो हो करते, मग तुला वाटतं ताईने कबूल केलं. पत्रच बरं. पत्रात तुला मध्येच थांबवता येत नाही, पण निदान बाजूला तरी ठेवता येतं.

बाबांना जाऊन आज नऊ दिवस झाले. त्यांचे बूट अजून दाराशीच आहेत. अंथरुणाला खिळायच्या आदल्या दिवशी त्यांनीच पॉलिश केले होते, त्यावर आता धूळ बसते आहे. पुसायला जाते आणि हात मागे घेते. घडी घातलेला झेंडा खुर्चीवर ठेवलाय. कुठल्या कपाटात ठेवायचा असतो ते कुणी सांगितलंच नाही, आणि विचारायचं कुणाला? त्या सहा पोरसवदा सैनिकांना? त्यांच्या बंदुका सुटल्या तेव्हा त्यांच्यातलाच एक दचकला, पाहिलंस का? बाबांनी पाहिलं असतं तर त्याला जवळ बोलावून पाणी दिलं असतं.

तुझं भाषण झालं चाळीस मिनिटं. त्या बिगुलवाल्याचे ओठ थंडीने इतके गारठले की पहिल्या फुंकीला आवाजच निघाला नाही. बाबा म्हणायचेच, भोंग्याला एक वाक्य द्या, तो त्याची मिरवणूक काढतो. पण तू दोन हात, दोन बंदुका, तीन दिवस असं म्हणालास तेव्हा सगळं मैदान रडलं. मी नाही रडले. त्याचं कारण मला अजून नीट लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाल्या काकू स्वतः आल्या, बाबांच्या सदऱ्यांचा गठ्ठा घेऊन. आजारातले सहा आठवडे बाबा अंथरुणातून उठले नाहीत, तरी दर सोमवारी तो गठ्ठा त्यांच्याकडे जायचाच. मीच नेऊन द्यायचे. काकूंनी गठ्ठा माझ्या हातात दिला, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, आणि गेल्या. त्या कधीच आत आलेल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. स्मारक समितीचे अध्यक्ष, आपले दातांचे डॉक्टर, परवा आपल्या दगडकामाच्या दुकानात आले. त्यांचं बरं आहे, अख्खं शहर त्यांच्यापुढे तोंड उघडतं आणि कुणालाच बोलता येत नाही. सवयीने ते बाहेरही तसेच वागतात. चौकातल्या काळ्या दगडाबद्दल बोलत होते. त्या युद्धात पडलेल्या आपल्या शहरातल्या माणसांची तेवीस नावं त्यावर बाबांनी कोरली, हुद्द्याप्रमाणे नव्हे, ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने. सतराव्या आणि अठराव्या नावाच्या मध्ये एक ओळ रिकामी आहे, ती तुला ठाऊक आहेच. समितीने शोध लावलाय की ती जागा बाबांनी स्वतःसाठी ठेवली होती. येत्या २२ मार्चला, पुलाच्या लढाईला चाळीस वर्षं होतात त्या दिवशी, तिथे बाबांचं नाव हवं. दगड कापडाने झाकायचा, तू भाषण करायचंस, कापड दूर करायचं. आणि नाव कोरायचं मी, कारण इथे अक्षर खोदणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

विचार करते म्हटलं. डॉक्टर म्हणाले, विचार कसला, तुमच्याच वडिलांचं नाव आहे.

कळावे. लोभ असू दे, राग आला तर तोही असू दे, पण पत्र असू दे.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समितीचं पत्र मलाही आलं आणि मी त्याच टपालाने होकार कळवला. तू विचार करते म्हणालीस हे वाचून मात्र मी चक्रावलो. दुःखाने माणूस हळवा होतो हे समजू शकतो, पण माझी ताई आणि दगडापुढे हात आखडते?

ताई, मी या समित्यांना चांगला ओळखतो. गेली पंधरा वर्षं गिरणीच्या फाटकावर, सभागृहात, स्मशानात मी बोलत आलोय, आणि प्रत्येक ठिकाणी हीच माणसं पुढच्या रांगेत बसलेली असतात. बाबा जिवंत असताना यांनी त्यांना काय दिलं? दर वर्षी एक खुर्ची, तीही उन्हात. आपण जिवंत आहोत याचा दाखला द्यायला बाबा काठी टेकत पेन्शनच्या कचेरीच्या रांगेत उभे राहायचे आणि खिडकीपलीकडचा पोरगा मान वर न करता विचारायचा, पुरावा काय? ज्याने पूल राखला म्हणून त्या पोराचा बाप घरी झोपू शकला, त्याला विचारायचा पुरावा काय! जिवंत माणसाला ज्यांनी खुर्ची सावलीत दिली नाही, ते आता मेलेल्याला दगड देताहेत. तर दगड. आपण तो दोन्ही हातांनी घेऊ. त्यांच्या उपकारासाठी नाही, आपला हक्क म्हणून.

राष्ट्रं विसराळू असतात. मी जेवढा इतिहास वाचला त्यात एकही असं राज्य मला भेटलं नाही, ज्याने आपल्या सैनिकाला लढाईनंतर दहा वर्षं लक्षात ठेवलं. कागद जळतात, पदकं बाजारात विकली जातात, माणसं मरतात. उरतं ते दगडात खोदलेलं अक्षर. हे मी पुस्तकात नाही शिकलो. नऊ वर्षांचा असताना बाबांच्या शेजारी बसून, त्यांनी खोदलेल्या अक्षरांतली भुकटी फुंकताना शिकलो. त्यानंतर मला वसतिगृहात पाठवलं. तुझ्या वाट्याला बाबा आले, माझ्या वाट्याला एवढीच आठवण आणि भिंतीवर लावलेलं ते प्रशस्तिपत्र. 'एकट्याने दोन बंदुका आळीपाळीने चालवून' ही ओळ मी पाढ्यांच्या आधी पाठ केली होती. वसतिगृहात मला मारायला येणाऱ्या पोरांना मी ती ओळ म्हणून दाखवायचो, आणि ती थांबायची. तिथूनच माझं बोलणं सुरू झालं.

तेव्हा हातोडी उचल. आणि भाषण यावेळी पस्तीस मिनिटांचं करीन, बिगुलवाल्याला कळव.

तब्येतीला जप. तू रागावशील तेवढीच माझ्यावर माया करतेस हे मला ठाऊक आहे, ते प्रमाण बिघडू देऊ नकोस.

तुझा,
भोंगा


दि. २४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. सभेला जायच्या आधी वाचू नकोस.

जानेवारीत एका दुपारी बाबांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, तुला सांगतो, धाकट्याला सांगू नकोस, तो त्याचं भाषण करील. मी तुला सांगते आहे म्हणजे त्यांचा शब्द मोडते आहे. मोडायलाच हवा अशी वेळ आली.

पुलावर नऊ जण होते हे तुला माहीत आहे. वरचा अधिकारी पहिल्याच दिवशी गेला आणि सगळं बाबांकडे आलं. हुकूम एकच होता, चौकी कुणीही सोडायची नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चार जण उरले होते. टेलिफोनची तार तुटलेली, पाणी संपलेलं. त्या चौघांत शिट्टी होता. बाबांचा शाळेपासूनचा दोस्त, दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. सतत शीळ घालायचा म्हणून शिट्टी. पळण्यात त्याचा हात कुणाला धरता यायचा नाही. बाबांनी त्याला मागच्या चौकीकडे पाठवलं, पाच मैल, माणसं घेऊन ये म्हणून. बंदूक इथेच ठेव, हलका जा, असं बाबाच त्याला म्हणाले. तो बंदूक बाबांच्या हातात देऊन गेला.

तो मागच्या चौकीला पोचलाच नाही. दोन मैलांवर एका चरात सापडला. पाठीत गोळी, तोंड मागच्या चौकीच्या दिशेला, हातात बंदूक नाही. अहवाल लिहिणाऱ्याने लिहून टाकलं की चौकी सोडून, हत्यार टाकून पळाला.

कुमक आली ती आपणहून, चौथ्या दिवशी. तोवर बाबा तेवढे शुद्ध हरपून पुलाशी पडलेले होते, बाकी कुणी जिवंत नव्हतं. इस्पितळात दीड महिन्याने एक अधिकारी टाइप केलेला कागद घेऊन आला. त्याने विचारलं, हा माणूस तुमच्या सांगण्यावरून गेला का? बाबांनी उलट विचारलं, तसं असेल तर? तो म्हणाला, तर पाठवणाऱ्याने हुकूम मोडला असं होईल आणि चौकशी बसेल. आई तेव्हा माझ्या वेळी दिवसांत होती. बाबांनी कागदावर सही केली. मला म्हणाले, हात कापला असता तर बरं झालं असतं, पण अक्षर अगदी वळणदार आलं.

पुढे पदक आलं. मग दर वर्षी सांगणं जास्त जड होत गेलं. काल बोललो नाही तर आज कसं बोलू, असं करत चाळीस वर्षं गेली.

ती रिकामी ओळ बाबांची नाही. शिट्टी तिसऱ्या दिवशी दुपारी पडला, सतराव्यानंतर आणि अठराव्याच्या आधी. त्याची जागा तिथे आहे. तू पाहिलं नसशील, मी लहानपणापासून पाहत आले आहे. आपण खोदायच्या आधी काजळीचं सूत मारून रेघा पाडतो आणि मग त्या पुसून टाकतो. त्या ओळीच्या दोन्ही रेघा बाबांनी टोच्याने दगडात ओढून ठेवल्यात, पुसल्या जाऊ नयेत म्हणून. दर वर्षी २२ मार्चच्या आधी ते दगड धुवायचे तेव्हा त्या कोऱ्या ओळीवरही ब्रश फिरवायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, जागा आहे.

आणि समितीला वाटतं नम्र माणूस होता, स्वतःसाठी जागा ठेवली.

शिट्टीची बायको म्हणजे इस्त्रीवाल्या काकू. पळपुट्याची बायको हे नाव तिला सगळ्यांनी मिळून दिलं. तिला पेन्शन नाही, पत्र नाही, २२ मार्चला उन्हातली खुर्चीसुद्धा नाही. तुझ्या रांगेतल्या खिडकीवाल्याने बाबांना पुरावा विचारला म्हणून तू पेटतोस. तिला तर कुणी तेवढंही विचारलं नाही.

भोंग्या, तू हजार वेळा सभेत सांगितलंस की बाबांनी दोन बंदुका चालवल्या. मीही हजार वेळा ऐकलं. एका माणसाला एकच बंदूक मिळते. दुसरी कोणाची होती, हे तुला किंवा मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

उत्तर लवकर दे. माया आहे, ती या पत्राने उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं.

बाबांना जानेवारीत ताप होता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने माणसाला भास होतात हे तूच मला लिहिलं होतंस. सत्तरी ओलांडलेला, तापाने भ्रमिष्ट झालेला माणूस दार लावून काहीतरी पुटपुटतो आणि तू त्यावर चाळीस वर्षांचं आयुष्य पाडायला निघालीस? बंदुका काय, पुलावर मेलेल्या सगळ्यांच्याच पडल्या होत्या. दुसरी कुणाचीही असेल.

समजा खरं आहे. समजा म्हणतो. मग काय करायचंस? दगडावर पळून गेलेल्याचं नाव, आणि दगड खोदणारा खोटी सही करणारा, हे जाहीर करायचं? उद्या हेच दंतवैद्य आणि हीच समिती बाबांच्या तोंडात हात घालून एकेक दात मोजतील. पदक परत मागतील. त्या सहा सैनिकांची सलामी, तो झेंडा, सगळं हसण्यावारी जाईल. मेलेल्या माणसाला साक्षीला उभं करता येत नाही, ताई. त्याच्यावर फक्त आरोप करता येतात.

तुला बाबा मिळाले. रोज समोर, रोज दुकानात, खोकताना, चिडताना, तुझ्या चुकलेल्या अक्षरावर हसताना. मला एक गोष्ट मिळाली होती. मी तिच्यावर जगलो. मी जो काही आहे तो त्या गोष्टीचा मुलगा आहे, लोक व्यासपीठावर माझी ओळखच तशी करून देतात. तीही तुला हवी का?

बाबांचं नाव खोद. नाहीतर ती ओळ कोरी राहू दे, मी समितीला पटवतो. आणि तुला अगदीच राहवत नसेल तर कापडाच्या आत काय हवं ते कर, बारीक अक्षरात, कुणाच्या नजरेत भरणार नाही असं. पण बोलू नकोस. त्या बाईंना तर मुळीच नको. इतक्या वर्षांनी त्यांना काय मिळणार आहे?

जास्त लिहीत नाही. लोभ आहेच, पण आज तो दाखवायला जमत नाही.

भोंगा


दि. ५ मार्च

चि. मुलीस,
आशीर्वाद.

तू दाराखालून सरकवलेलं पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही असं लिहिलंस, ते बरं केलंस. तोंडावर सांगितलं असतंस तर इस्त्री हातात होती. मीही कागदावरच सांगते. हे पत्र तुझ्या बापाच्या शेवटच्या सदऱ्याच्या घडीत घालून पाठवते आहे, तो माझ्याकडे राहून गेला होता.

तुला वाटतं मला काही ठाऊक नव्हतं. मुली, मी कपडे ओळखते. घामाचा कपडा वेगळा, कपाटात पडून राहिलेला वेगळा. चाळीस वर्षं तुझ्या बापाने माझ्याकडे स्वच्छ सदरे धुवायला पाठवले. काही तर घडीही न मोडलेले. पहिल्या वर्षी मला वाटलं दया करतोय. दुसऱ्या वर्षी कळलं की दयेला इतकं सातत्य नसतं. हा माणूस काहीतरी फेडतोय. मी धुतले, इस्त्री केली, परत दिले. तो विचारील, मी सांगेन, अशी वाट बघत राहिले. वाट बघणारे आम्ही दोघंही होतो म्हणायचं.

दर मार्चला त्याचा कोटही माझ्याकडेच यायचा. छातीवर पदकाच्या टाचणीची दोन भोकं. तिथे इस्त्रीचं टोक जपून फिरवावं लागतं, नाहीतर कापड फाटतं. चाळीस वर्षं जपून फिरवलं मी.

माझी मुलगी लांब दिली. सासरी तिने सांगितलंय की बाप तापाने गेला. ती इकडे येत नाही. आली तर शेजारपाजारचे तिच्या पोरांना सांगतील ना.

तुझ्या बापाने मला जन्मभर काम दिलं. मला काम नको होतं. एक वाक्य हवं होतं.

कापडाच्या आत, बारीक अक्षरात कोरावं असं तुझा भाऊ म्हणतो हे तू लिहिलंस. तसं करायचं असेल तर करू नकोस. लपून गेला असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याचं नाव लपून कोरायचं? करायचं तर दिवसाउजेडी, बाजार भरलेला असताना, सगळे बघत असताना कर. मी स्टूल घेऊन येते.

तुझ्यावर राग नाही. बापावरचा जात नाही, तो राहू दे. कळावे.

काकू


दि. ८ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

सोबत काकूंच्या पत्राची नक्कल आहे. इतक्या वर्षांनी त्या बाईंना काय मिळणार, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर त्यात आहे.

येत्या रविवारी, १५ तारखेला, बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला मी दगडाशी बसणार आहे. डॉक्टरांना कळवलंय. ते म्हणाले दगड समितीच्या मालकीचा आहे. मी म्हटलं, असेल, पण रेघा माझ्या बाबांच्या आहेत.

बाबांना ताप होता हे खरं. तापात त्यांनी मला छिन्नीला धार कशी लावायची तेही पुन्हा सांगितलं होतं. ते बरोबर होतं, मी लावून पाहिली.

आणि तुझी गोष्ट मला नको आहे रे. ती शिट्टीकडून घेतली होती, एवढंच म्हणते.

जमलं तर ये. भाषण करू नकोस, पाण्याचा तांब्या धर. छिन्नी तापते. नाही आलास तरी माया तीच.

तुझी,
ताई


दि. १६ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तू आला नाहीस. बोल लावत नाही. काय झालं ते कळवते.

नऊला सुरुवात केली. काकू आधीच येऊन बसल्या होत्या, दुकानातलं स्टूल घेऊन, इस्त्री केलेली पांढरी साडी नेसून. सूत मारायची गरजच पडली नाही, बाबांच्या रेघांत अक्षरं बरोबर बसत होती. साडेअकरापर्यंत अर्धं नाव झालं. भाजी घ्यायला आलेली माणसं थांबत गेली. आधी वाटलं त्यांना मी बाबांचंच कोरते आहे, एका बाईने तर मला सरबत आणून दिलं. मग कुणीतरी अक्षरं वाचली.

भोंग्या, एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. ऐकली म्हणते, मी, जिला धड ऐकू येत नाही. हवेतच कळलं.

डॉक्टर आले. पुरावा काय म्हणाले. अगदी तोच शब्द. मी सांगितलं, बाबांनी मला सांगितलं. एकजण म्हणाला, बापाच्या दुःखाने हिचं डोकं फिरलं. दुसरा म्हणाला, म्हातारीने हिला नादी लावलं. आणि मग एक शांत, भला दिसणारा माणूस पुढे आला. तो म्हणाला, मुलगा काय म्हणतो? गेल्याच महिन्यात त्याचं भाषण आम्ही ऐकलं. तो म्हणत असेल तर आम्ही मानू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी छिन्नी धरून तशीच उभी राहिले.

नगरपालिकेच्या दोघांनी माझ्या हातून हातोडी घेतली, अदबीने घेतली, आणि दगडावर कापड बांधलं. २० तारखेला बाहेरून कारागीर येणार आहे. कोरलेली अक्षरं तासून तिथे बाबांचं नाव घालायला.

काकू उठल्या, स्टूल उचललं. वाटेत कुणीतरी मागून शीळ घातली हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं, ती कुचेष्टेने की काय देव जाणे. त्यांनी मागे पाहिलं नाही. माझ्याबरोबर चालत राहिल्या आणि आपल्या दाराशी आल्यावर, भोंग्या, त्या आत आल्या. बाबांच्या बुटांना वळसा घालून.

भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं. बंदुकीचं मी त्यांना लिहिलं नव्हतं, राहून गेलं होतं. बोट त्या ओळीवर थांबलं. मला जवळ ओढून, कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं की ही दुसरी त्याची का. मी हो म्हटलं.

रडल्या नाहीत. काचेवरचं बोट उचललं नाही. मग म्हणाल्या, म्हणजे शेवटपर्यंत तो तिथेच होता.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. फक्त हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

माया आहे. ती आता तू कशी वापरशील ते बघ.

तुझी,
ताई


दि. १८ मार्च

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

मला थोडक्यात लिहिता येत नाही असं ताई म्हणते. तुम्हांला एकच वाक्य हवं होतं म्हणून प्रयत्न करतो.

माझ्या बाबांनी पुलावर चालवलेली दुसरी बंदूक तुमच्या नवऱ्याची होती, ती ठेवून घेऊन बाबांनीच त्यांना मदत आणायला पाठवलं होतं, आणि हे लपवणाऱ्या कागदावर बाबांनी सही केली होती.

या वाक्याच्या आणखी दोन प्रती माझ्या सहीने आजच गेल्या आहेत, एक सैन्याच्या कचेरीला, एक समितीच्या अध्यक्षांना. उद्या निघतो आहे. कारागीर २० तारखेला दगडाशी येईल तेव्हा मी तिथे उभा असेन, दिवसाउजेडी. कुणी विचारलं तर हेच वाक्य म्हणेन, पुन्हा विचारलं तर पुन्हा. त्याहून जास्त काही बोलणार नाही. ताईचा पाण्याचा तांब्या मी धरीन.

लोभ मागायचा मला अधिकार नाही. तुम्ही स्टूल घेऊन आलात तर बरं वाटेल.

आपला,
ज्यांनी त्यांना पाठवलं, त्यांचा मुलगा